कोल्हापूरहून मुंबईची क्रूझ गाठायची आहे: त्याच दिवशी पहाटे निघावं की आदल्या दिवशी?

कळंबाकाठ
मंडळी, सल्ला पाहिजे. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मुंबईहून गोव्याची क्रूझ बुक केली आहे. माणसं पाच : आई-बाबा, आम्ही दोघं आणि नववीतली लेक. गाडी अर्टिगा. जहाज संध्याकाळी ५ ला सुटणार. तिकिटावर चेक-इन दुपारी १२ पासून आणि बोर्डिंग ३.३० ला बंद असं छापलंय. ठिकाण बॅलार्ड पियर.

माझा बेत असा की पहाटे ३ ला कळंब्यातून निघायचं. नाश्ता साताऱ्याच्या पुढं, पुण्याचा बायपास ऑफिसची गर्दी व्हायच्या आत पार करायचा आणि जेवायच्या वेळेला बंदराच्या दारात. जहाज ५ ला म्हणजे हाताशी पाच तास जादा.

सौ. म्हणते आदल्या दिवशी जाऊ. बाबा म्हणतात, जहाजावर झोपायचे पैसे भरलेत, आणखी एक रात्र हॉटेलात कशाला? शिवाय तिकडं गाडी ठेवायची कुठं, तेही ठरेना. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा.

गुळाची_ढेप
धंद्यामुळं वाशी मार्केटला माझं कायम जाणं-येणं असतं, म्हणून लिहितो. तुमच्या हिशोबात पहिली गडबड म्हणजे पाच तास जादा नाहीत. तुमची वेळ ५ नव्हे, ३.३०. बारा ते साडेतीन, एवढीच खिडकी. त्यातही पाच जणांचं सामान, तपासणी, रांग आणि आईंचं चालणं आलं. दोनच्या आत दारात पाहिजे असं धरा आणि तिथून उलटं मोजत या.

दुसरं म्हणजे रस्ता. साडेतीन तासांत पुणं गाठायचे दिवस सध्या विसरा. कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीचं काम निघालं तेव्हापासून कुठं सर्व्हिस रोडवर उतरवतील, कुठं एकच लेन चालू असेल, सांगता येत नाही. आठवड्यापूर्वी मोकळा होता तो तुकडा आज वळवलेला असतो. रात्री ही वळणं पटकन दिसत नाहीत. कळंब्यातून बॅलार्ड पियर पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडतं. चहा, जेवण, पंप, लेकीचं थांबणं धरून नऊ तास मोजा, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर.

नाद_खुळा
काय राव घाबरवताय माणसाला! आम्ही कायम रात्री २ ला निघतो. रस्ता रिकामा, ऊन नाही, पोरं मागं झोपलेली. सकाळी दहाच्या आत मुंबईत. अर्टिगा काय बैलगाडी आहे का? कळंबाकाठ भावा, ३ चे २ कर आणि बिनधास्त जा.

ऊसकरी
नाद_खुळा, डिसेंबर म्हणालेत ते, मे नव्हे. डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. कारखान्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीच जास्त धावतात. मागची ट्रॉली कशी असते ते बघितलंय ना? मोळ्या दोन्ही अंगाला हात-हातभर बाहेर आलेल्या, मागं वाढं लोंबतंय, त्यानं टेललाइट झाकलेला, रिफ्लेक्टर असलाच तर त्यावर फडातला चिखल. वेग पंधरा-वीस. तुम्ही ऐंशी-नव्वदनं येताय. समोरच्याचा डिपर डोळ्यावर आला तर ट्रॉली अंगावर येईपर्यंत दिसत नाही. किणीपासून कराडच्या पुढंपर्यंत हेच. ऊस आमचाच आहे, म्हणून सांगतोय.

आणि दराचा प्रश्न पेटला तर दिवसासुद्धा काही खरं नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोलीला पंचगंगेच्या पुलावर चक्का जाम झालेला आठवतोय ना? महामार्ग तासन्‌तास बंद होता. त्या दिवशी कुणाची क्रूझ असती तर आंदोलकांनी गाडीला वाट दिली नसती, आणि देऊही नये.

चहाटळ
शिवाय खंबाटकी घाटात एखादा कंटेनर बंद पडला की दोन तासाची निश्चिंती.

गुळाची_ढेप
चहाटळ, तो घाट पुण्याहून साताऱ्याकडं येताना लागतो. जाताना आपण बोगद्यातून जातो. बोगदा संपला की उताराला इंग्रजी एससारखं वळण आहे, तिथं मात्र वेग मारायचा नाही. जाताना खरी भीती पुढं, नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल ह्या उताराची. ब्रेक गेलेले ट्रक तिथं किती जणांचे जीव घेऊन गेलेत ते पेपरात वाचतोच आपण. २०२५ च्या नोव्हेंबरातलं असो की त्याआधीचं, जागा तीच. डावी लेन धरून, पुढच्या ट्रकपासून लांब राहून उतरायचं. अपघात झालेला असला तर पुण्याच्या बायपासला पर्याय म्हणजे शहरात घुसणं, म्हणजे संपलंच.

मंगळवार_पेठ
एक्स्प्रेसवेसुद्धा तसाच. २०२३ च्या जूनमध्ये कुणे पुलावर टँकर पेटला तेव्हा वाहतूक कित्येक तास ठप्प होती. बोरघाटात अडकलात तर मागंही वळता येत नाही.

डेकवाला
मी मर्चंट नेव्हीत आहे, प्रवासी जहाजावर नाही, मालवाहूवर. पण बंदराचे नियम दोघांना सारखेच. लोकांना वाटतं कॅप्टनला फोन केला तर दहा मिनिटं थांबेल. थांबत नाही, आणि त्यात त्याचा माज नसतो.

मुंबई बंदरात पायलट, म्हणजे बंदराचा वाट दाखवणारा माणूस, चढल्याशिवाय मोठं जहाज हलत नाही. पायलट आणि टग (जहाजाला ओढणाऱ्या छोट्या बोटी) ठराविक वेळेला लावलेले असतात. त्या वेळेत तुम्ही धक्का सोडला नाही तर पुढच्याचं गणित बिघडतं. प्रवासी जहाजाचं आणखी एक, त्याला पॅसेंजर मॅनिफेस्ट म्हणतात. चढलेल्या प्रत्येक माणसाची यादी बंद करून अधिकाऱ्यांकडं गेली की मग जहाजाला निघायची परवानगी. यादी बंद झाली की तुम्ही धक्क्यावर उभे राहून हात हलवलात तरी आत घेता येत नाही.

त्याशिवाय सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव. २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. म्हणून बोर्डिंग दीड तास आधी बंद करतात. उशिरा येणाऱ्याला कंपन्या नो-शो, म्हणजे आलाच नाही असं धरतात. तिकिटामागच्या बारीक अक्षरातलं रद्द आणि परताव्याचं कलम एकदा काकांना वाचून दाखवा, हॉटेलचे पैसे स्वस्त वाटायला लागतील.

शाहूपुरी_३री_गल्ली
गाडी हवीच कशाला पण? महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री आपल्या स्टेशनातून बसा, सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पियर दीडेक किलोमीटर. एवढं सरळ असताना लोक स्टेअरिंग धरून डोळे का लाल करतात कळत नाही.

उतरल्यावर एक करा. दर्शनी इमारतीकडं, म्हणजे महापालिकेच्या बाजूला बाहेर पडू नका. मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांकडून पूर्वेला पी. डिमेलो रोडवर निघा, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला. बंदर त्याच अंगाला आहे. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले कुरकुर करतात, सामान बघून तयार होतात.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. आई-बाबांसाठी ज्येष्ठ नागरिक कोट्यातून खालचे बर्थ मागा.

कळंबाकाठ
@शाहूपुरी, महालक्ष्मी डोक्यात होतीच. जाताना बेस्ट. घोटाळा येतानाचा आहे. जहाज सोमवारी सकाळी लागणार, महालक्ष्मी रात्री सुटणार. आईचे गुडघे आणि पाच बॅगा घेऊन दिवसभर मुंबईत कुठं बसायचं? कोयना एक्स्प्रेस तर आम्ही जहाजातून उतरायच्या आतच सकाळी सुटून गेलेली असेल. येताना गाडी पाहिजेच असं वाटतंय.

@डेकवाला, कवायतीचं माहीत नव्हतं. बाबांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. "हं" म्हणाले.

अंबाई_टँक
येताना तुम्हीच चालवणार असाल तर तेही बघा. चार दिवस पाण्यावर राहून उतरलं की काही जणांना जमिनीवरसुद्धा डुलल्यासारखं होतं. उतरल्या उतरल्या आठ-नऊ तास ड्रायव्हिंग नको. आणि बोट लागायची गोळी लाटा सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. पण तिनं झोप येते. गाडी चालवणाऱ्यानं ती घाटात घ्यायची नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, आई-बाबांच्या बीपीच्या गोळ्यांसोबत चालते का तेही.

खारघरची_लेक
माहेर उत्तरेश्वर पेठ, सासर खारघर, तेव्हा दोन्हीकडचं सांगते दादा.

गाडी बंदरापर्यंत नेऊच नका. नव्या क्रूझ टर्मिनलला पार्किंग आहे, पण तुमची गाडी चार दिवस उभी राहणार, तीही अनोळखी जागी. नवी मुंबईत कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या सोसायटीत ठेवा. नसेल तर पनवेल-खारघर-वाशीत असं हॉटेल बघा जे तुम्ही दोन्ही टोकांना राहिलात तर मधले दिवस गाडी ठेवू देतं. फोनवर तोंडी नको, मेसेजवर लिहून घ्या. रिसेप्शनवरचा माणूस बदलला की "असं कोण बोललं" सुरू होतं.

शुक्रवारी सकाळी तिथून टॅक्सी. रस्ते दोन. एक वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर आणि ईस्टर्न फ्रीवे. दुसरा म्हणजे उलव्याकडून अटल सेतू. जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटर, शिवडीला उतरून तोही फ्रीवेलाच मिळतो. त्याला टोल आहे, सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० होता. वाशीच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. पैसे वाचवायचे तर वाशी, वेळ नक्की पाहिजे तर सेतू. बाबांना समुद्रावरून जायला आवडेल, तेवढंच जहाजाआधी जहाज.

फ्रीवेवरून मात्र सकाळी ११ च्या आत जाऊ नका. वरून सुसाट येता आणि पी. डिमेलो रोडला उतरताना ऑरेंज गेटपाशी सगळं तुंबतं. मरीन ड्राइव्हच्या भुयारी रस्त्याचं कामही त्याच भागात निघालंय. तुमचं चेक-इन १२ पासून आहे, ११ ला निघालात तर गर्दी उतरलेली असते.

पंचगंगा_घाट
लोकलचा पर्यायसुद्धा हाताशी ठेवा. पनवेल-खारघर-वाशीहून हार्बर लाइन थेट सीएसएमटीला जाते. रस्ता बंद पडला तरी ती चालते. सुटायचा दिवस रविवार असता तर मात्र आधी मेगाब्लॉक बघा म्हटलं असतं.

खारघरची_लेक
खरं आहे, पण आईंना जिने आणि पाच बॅगा. लोकल शेवटचा उपाय म्हणून.

अजून एक राहिलंच. मॅपवर नुसतं "क्रूझ टर्मिनल मुंबई" टाकू नका. भाऊच्या धक्क्यालाही डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल आहे. २०१८ ला गोव्याची आंग्रिया तिथून सुटायची. माझ्या नणंदेची टॅक्सी तिथंच गेली. समोर मांडव्याची रो-रो लागलेली, मासळीचा वास, आणि ड्रायव्हर म्हणतोय "मॅडम, जहाज हेच ना?" तुमचं तिकीट बॅलार्ड पियरचं, त्यावर ग्रीन गेट लिहिलं असेल तर ड्रायव्हरला ग्रीन गेटच सांगा. जुन्या टॅक्सीवाल्यांना बंदराची गेटं रंगांवरून माहीत असतात.

नाद_खुळा
बरं बाबा, रात्रीचं राहू दे. ऊसकऱ्याचं पटलं. पण मग मुंबईच कशाला, गोव्याहून चढायचं की! मुरगाव आपल्याला जवळ. आजऱ्याहून आंबोली उतरलं की आलंच.

मंगळवार_पेठ
तिकीट मुंबईचं काढलंय त्यांनी. मधल्या बंदरात चढायचं तर कंपनीची आधी मंजुरी लागते, एसटीला हात करून चढल्यागत होत नाही ते.

टोलवाला
फास्टॅगचं कुणीच बोललं नाही. पुण्यापर्यंत किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार नाके. ऑगस्ट २०२५ ला वार्षिक पास आला, तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. तो ह्या चार नाक्यांवर चालतो. पण एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर चालत नाही, तिथं फास्टॅगमधली शिल्लक कापली जाते. पास आहे म्हणून शिल्लक शून्य ठेवलेली माणसं खालापूरला पाठीमागच्यांचे हॉर्न खात उभी असतात. राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही आणि रोख द्यायला गेलात तर दुप्पट, यूपीआयनं सव्वापट, असा नियम नोव्हेंबर २०२५ ला आला.

अंबाई_टँक
सामान : मोठ्या बॅगा टर्मिनललाच टॅग लावून काढून घेतात, त्या केबिनमध्ये नंतर येतात. औषधं, चष्मे, ओळखपत्रं आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. ओळखपत्र अस्सल न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. लेकीचंही न्या, मुलांचं विसरतात लोक. वेब चेक-इन घरूनच करून टाका.

आणि कोल्हापुरी माणसाला सांगावं लागतंच. शिजवलेलं बाहेरचं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. तांबड्या रश्श्याचा डबा खारघरपर्यंतच.

चहाटळ
कांदा-लसूण चटणी?

अंबाई_टँक
तपासणीत निघाली तर काढून घेतील. आणि निघेलच. वासावरून.

पेठ_वडगाव
उगाच शंका : एवढं सगळं करून आदल्या दिवशी निघाले आणि त्याच दिवशी शिरोलीला चक्का जाम झाला तर?

ऊसकरी
तर चोवीस तास हातात आहेत की. संध्याकाळपर्यंत वाट मोकळी होते, रात्री उशिरा पोचतील, सकाळी उठून टॅक्सी. आदल्या दिवशी निघायचा फायदा तोच. बोगदा, नवले पूल, बोरघाट, सगळ्यांना तेच लागू.

कळंबाकाठ
ठरलं. गुरुवारी सकाळी साडेसहाला निघायचं, उजाडताना. सेतू-बितू काही नाही त्या दिवशी, सरळ खारघर. आत्तेभाऊ तिथंच सेक्टर १२ ला असतो हे मला हा धागा वाचता वाचता आठवलं, बायकोनं कपाळावर हात मारला. त्याच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीसाठी सेक्रेटरीला अर्ज द्यावा लागतो, त्यानं तो आजच टाकला. शुक्रवारी ११ ला टॅक्सी, अटल सेतू, ग्रीन गेट. पाच माणसं आणि पाच बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत, तेव्हा मोठी गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवणार.

सोमवारी उतरल्यावर खारघरला जेवण, झोप, आणि मंगळवारी सकाळी परत. मंगळवारी लेकीची शाळा बुडणार, तिला त्याचं अजिबात वाईट वाटलेलं नाही. बाबांचं हॉटेलचं दुखणं आत्तेभावामुळं मिटलं. आता त्याच्यासाठी काय न्यायचं ह्यावर घरात चर्चा चालू आहे. चटणीचं नाव निघालंय.

खारघरची_लेक
दादा, त्यांना भडंग न्या. इथं मिळतं ते खरं नव्हे. आणि दोन पाकिटं जास्त आणलीत तर सेक्टर १२ पासून मी लांब नाही.

कळंबाकाठ
आणतो ताई.
@ऊसकरी, यंदाच्या दराचं बोलणं कुठवर आलंय ते नोव्हेंबराच्या शेवटी इथंच टाका. बुधवारी निघायला लागलं तर आत्तेभावाला आधी सांगायला हवं.

ऊसकरी
टाकतो. पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता) जाहीर झाली की पहिला मेसेज तुम्हाला.